निखारे, ओव्हन आणि पाव

दक्षिण आफ्रिकेत बार्बेक्यूला ‘ब्राय’ म्हणतात. मांस भाजून झाले, निखारे मंदावले, की त्याच जाळीवर चीज-टोमॅटोचे सँडविच भाजतात. त्याचे नाव ‘ब्रायब्रोइकी’. शब्द आफ्रिकान्स भाषेतला. ‘ब्राय’ म्हणजे भाजणे आणि ‘ब्रोइकी’ हे पाव या अर्थाच्या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप. आपण डब्याची डबी आणि पळ्याची पळी करतो, तसेच काहीसे. आपल्याकडे लघुत्व बहुधा लिंगबदलाने साधते, तिकडे प्रत्ययाने. आणि त्या प्रत्ययात आकारापेक्षा लाडच अधिक असतो. तेथील पंक्तीचा मान मेंढीच्या चापांना आणि धन्याची पूड घातलेल्या लांबलचक सॉसेजला. ब्रायब्रोइकी सर्वांत शेवटी येते, आणि तरीही तिच्यासाठी पोटात जागा राखून ठेवलेली असते.

कृती सोपी आहे. पांढऱ्या पावाचे काप घ्यायचे. लोणी बाहेरच्या बाजूंना लावायचे, म्हणजे पाव खरपूस होतो. आत किसलेले चेडर चीज, टोमॅटोच्या व कांद्याच्या पातळ चकत्या, मीठ, मिरपूड आणि सुकवलेल्या पीच-जर्दाळूंची आंबटगोड चटणी. या चटणीला तिकडेही चटणीच म्हणतात. आपल्याकडचा हा शब्द इंग्रजीच्या गलबतातून तिथवर पोचला. टोमॅटो मात्र चीजच्या दोन थरांमध्येच हवा, नाहीतर त्याचे पाणी पावात मुरते. निखाऱ्यांवर हे सँडविच मिटत्या जाळीत धरून सारखे उलटावे लागते. पाहुणे अधिक असतील तर सोपा मार्ग ओव्हनचा: दोनशे अंश सेल्सियसला तापवलेल्या ओव्हनमध्ये ट्रे ठेवायचा, सात-आठ मिनिटांनी सँडविचे उलटायची, पुन्हा तितकाच वेळ. डझनभर सँडविचे एकदम तयार होतात.

हा सोपा मार्ग मी 2018 च्या सप्टेंबरात केपटाऊनला मावसबहिणीच्या घरी पाहिला. तिने तो सोयीसाठी निवडला नव्हता. मी मांसाहार करीत नाही. शेजारच्या वयस्कर बाई कोकणी मुसलमान. त्यांचे आजोबा रत्नागिरीकडून बोटीने गेलेले. केपटाऊनमध्ये कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे आणि राजेंद मेस्त्री या भाषाभ्यासकांनी तिथल्या त्यांच्या बोलीवर लेखनही केले आहे. त्या बाईंची बोली मला बरीचशी कळत होती. जाळीवरचे मांस हलाल नव्हते, म्हणून त्यांनाही जाळी वर्ज्य. तेव्हा बहिणीने अंगणातला विस्तव इतरांसाठी राखला आणि आम्हा दोघींसाठी स्वयंपाकघरात ट्रे लावला. “ताई, ह्या ट्रेला मांसाचा स्पर्श नाही हं,” असे तिने मला मुद्दाम सांगितले. त्यातला ‘स्पर्श’ हा शब्द माझ्या कानात अडकून राहिला.

कारण दिवस होता 24 सप्टेंबर, म्हणजे तिथला वारसा दिन. पूर्वी क्वाझुलू प्रांतात हा राजा शाकाच्या स्मरणाचा दिवस होता. 1995 पासून तो साऱ्या देशाचा झाला. 2005 मध्ये यान स्कॅनेल यांनी या दिवशी सर्व देशाने विस्तव पेटवून एकत्र भाजावे-खावे अशी मोहीम सुरू केली आणि 2007 मध्ये आर्चबिशप डेस्मंड टूटू तिचे आश्रयदाते झाले. इतिहासाचा वारसा असा खाण्यावर आणून ठेवणे अनेकांना उथळ वाटते, आणि ते समजण्याजोगे आहे. ज्या देशात 1953 च्या कायद्याने समुद्रकिनारे, बागा आणि बाकडीसुद्धा वर्णानुसार वाटली होती, आणि तो कायदा 1990 पर्यंत टिकला, तिथे ‘एक विस्तव’ हे सहज उच्चारण्याजोगे शब्द नव्हेत.

आपणही ते सहज उच्चारू नयेत. आपल्याकडे तर पाव हाच एकेकाळी बंडाचा पदार्थ होता. 1849 मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. मराठी व्याकरणकार म्हणून आपण ज्यांना शिकवतो ते दादोबा पांडुरंग या मंडळीचे एक धुरीण. परंतु हे सारे बंद दाराआड चाले. 1860 मध्ये सभासदांची नावे बाहेर फुटली आणि मंडळी मोडली. पावाचा तुकडा गिळण्यापेक्षा तो गिळल्याचे चारचौघांत सांगणे अवघड होते.

त्या बंडखोरांनी नियम मोडून पाव खाल्ला. केपटाऊनचा तो ट्रे प्रत्येकाचा नियम पाळून भाजला होता. मग हे नवे सोवळेच नव्हे काय? हा प्रश्न मी टाळू इच्छीत नाही. सोवळ्यात दुसऱ्याला दूर ठेवण्याचा अधिकार एकाच बाजूकडे असतो आणि दूर राहणाऱ्याला कोणी विचारत नाही. इथे विचारणारी यजमानीण होती. शिवाय ट्रे बाहेर आला तेव्हा तो आमच्यापुरता राहिला नाही. चाप खाणाऱ्यांनीही त्यातूनच उचलले आणि शेवटच्या अर्ध्या तुकड्यावरून थोडी लाडिक ओढाताणही झाली. जाळीवरचे सर्वांना चालत नव्हते. ट्रेमधले सर्वांना चालत होते. पंगतीत उपरा ठरेल असा पदार्थच पंगतीचा समान भाग ठरला.

एवढ्याने काय बदलते? फारसे नाही. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्येच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये बजावले होते की सहभोजनांनी जात मरत नाही, रोटीव्यवहार झाला तरी बेटीव्यवहाराचे दार बंदच राहू शकते. ब्रायच्या विस्तवालाही हेच लागू आहे: पाहुणे जेवून ज्या घरी परततात, ती घरे अजून बऱ्याच अंशी जुन्याच रेषांवर वसलेली आहेत. तरीही बंद दाराआडचा पाव आणि अंगणात सर्वांदेखत उचललेला पाव यांत फरक उरतोच. दुसऱ्याचा नाम मिटवायला हवा असतो. पहिल्याला नाव सांगण्याचे भय होते. त्या संध्याकाळी कुणालाच काही लपवावे लागले नाही. समतेची ही किमान अट आहे, समता नव्हे.