घोयऱ्याची तहान

मुलांनो, तुम्ही घोयरा पाहिला आहे का? हा रंग बदलणारा सरडा. त्याचे दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना पाहतात. लांब जीभ फेकून तो किडे पकडतो.

लहानपणी मी एक घोयरा धरून आणला. खोक्यात ठेवला. वाटीत पाणी दिले, समोर मेलेल्या माश्या टाकल्या. त्याने कशालाच तोंड लावले नाही. तो काळवंडत गेला. अम्मी म्हणाली, "बेटा, सोडून दे त्याला." मी ऐकले नाही. पाचव्या दिवशी तो मेला. वाटी भरलेलीच होती.

पुढे मी पुस्तकात वाचले, की घोयरा बहुधा पानांवरचे थेंब चाटून तहान भागवतो आणि हलणारे किडे टिपतो. मला फार वाईट वाटले.

मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाने डब्यातून घोयरा आणला. आम्ही त्याला बोरीच्या फांदीवर ठेवले आणि पानांवर पाणी शिंपडले. त्याने थेंब चाटले. "सर, मी याला घरी नेऊ?" मुलाने विचारले. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घोयरा पाळता येत नाही, हेही सांगितले. मुलगा गप्प राहिला. मग त्याने रिकामा डबा दप्तरात ठेवला.

मुलांनो, आता तो रोज बोरीखाली थांबून वर पाहतो. तुम्हीही असेच पाहा.