सुईच्या टोकाएवढं भोक

या शनिवारी खरं तर दुसऱ्याच विषयावर लिहायचं ठरवलं होतं. पण गेले दोन आठवडे डोक्यात एकच गोष्ट घोळतेय, ती लिहून टाकल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही. थोडं मेकॅनिकल होणार आहे, आयटीवाल्यांनी सांभाळून घ्यावं. (मीही आता तुमच्यातलाच. डिग्री मेकॅनिकलची, पोट जावाचं!)

माझं गाव आलापल्ली. गडचिरोली जिल्हा म्हटलं की पुण्यातले लोक पहिल्यांदा नक्षलवाद्यांबद्दल विचारतात. हल्ली मात्र "ते सूरजागड तिकडेच ना?" असंही विचारतात. हो, तिकडेच. एटापल्ली तालुक्यातला लोहखनिजाचा डोंगर. माडिया लोकांचा ठाकूरदेव तिथला, दर जानेवारीत यात्रा भरते. खाणीची लीज २००७ ची. २०१६ च्या डिसेंबरात तिथे पंच्याहत्तरच्या वर गाड्या जाळल्या गेल्या, मग काम कधी चालू कधी बंद, आणि २०२१ पासून जोरात. खाण हवी की नको यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, त्यात आज पडत नाही. पण रस्त्यावरची लाल धूळ दोन्ही पक्षांच्या अंगणात सारखीच पडते.

या धुळीवरूनच आम्ही चौघांनी शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेतला होता, पाण्याचं धुकं मारून धूळ बसवणारं नोझल. टँकरने नुसतं पाणी शिंपडलं तर रस्ता ओला होतो, पण हवेतली बारीक धूळ मोठ्या थेंबाला वळसा घालून निघून जाते. तिला पकडायला थेंबही तितकाच बारीक हवा. बारीक थेंबासाठी बारीक भोक आणि भरपूर प्रेशर. आम्ही गाड्या धुवायचा एक जुना पंप मिळवला आणि शंभर बारपर्यंत जायचं ठरवलं. शंभर बारला पाणी नोझलमधून सेकंदाला १४० मीटरने बाहेर पडतं, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. कागदावर हे फार भारी दिसत होतं!

प्रत्यक्षात पंप चालू केला आणि पाणी भोक सोडून सगळीकडून आलं. आट्यांतून, सांध्यातून, सरांच्या शर्टावर सुद्धा.

आम्ही काय केलं असेल? टेफ्लॉन टेप गुंडाळली. मग अजून गुंडाळली. मग पान्याला पाइप लावून आवळलं, आणि पितळी नोझल उभं चिरलं.

त्या दिवशी सरांनी जे शिकवलं ते चार वर्षांच्या लेक्चरांपेक्षा जास्त लक्षात राहिलं. सरळ आट्या फक्त धरून ठेवतात, पाणी अडवणं हे त्यांचं कामच नाही. अडवायचं काम ओ-रिंगचं. नील्स क्रिस्टेनसन नावाच्या, डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या माणसाने सत्तरी ओलांडल्यावर, १९३७ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. खाचेत बसवलेलं साधं रबरी कडं. बसवताना ते किंचित दबतं, तेवढ्यावर कमी प्रेशरला काम भागतं. प्रेशर वाढलं की पाणीच त्याला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर दाबतं आणि ते जास्त घट्ट बसतं. गळवू पाहणारं प्रेशरच गळती थांबवतं! मला हे तेव्हाही जादूसारखं वाटलं होतं, आजही वाटतं.

पण अट अशी की बाहेरची भिंत हलता कामा नये. प्रेशरने नोझल जरासं जरी फुगलं तरी धातूंमधली फट वाढते, मऊ रिंग त्या फटीत घुसते आणि उंदराने कुरतडल्यासारखी तुटते. शिवाय जेटचा उलटा धक्का असतो. नोझल बारीक पाइपवर लटकवलं की ते थरथरतं आणि सांधा ढिला होतो. म्हणून भिंत जाड, फट कमीत कमी, नोझल पक्कं बांधलेलं आणि आत मऊ रिंग. आणि रिंग वेळेवर मऊ असायला हवी. १९८६ साली चॅलेंजर यान कोसळलं ते थंडीने ओ-रिंग ताठरल्यामुळे. फाइनमनने बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून ते सगळ्यांसमोर दाखवलं होतं.

त्याच दिवसाची अजून एक गोष्ट. कुठून गळतंय ते बघायला मी सांध्यावरून बोट फिरवायला गेलो आणि सरांनी मनगट धरून मागे ओढलं. म्हणाले, "पुठ्ठा फिरव. बोट एकदाच मिळतं." आम्ही हसलो होतो.

प्रोजेक्ट झाला, मार्क मिळाले, मी पुण्यात कोडिंगला लागलो. माझा मावसभाऊ आलापल्लीतच रस्त्याकडेच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. जेसीबी, लोडर, टिपर यांचे हायड्रॉलिक होज कापायचे, टोकाला फिटिंग घालून प्रेस करायचे. धंदा चांगला चालतो. मोठ्या मशीनमध्ये साडेतीनशे बारचं प्रेशर असतं. दोन सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर म्हणजे अकराशे किलोचा धक्का. गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे गेलो आणि त्याला ओ-रिंगवर लंबंचौडं लेक्चर दिलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, हे तर आम्ही रोजच करतो गा." खरंच, माझ्यापेक्षा सफाईने करत होता. तेव्हाच मी पाहिलं, मशीन चालू असताना तो तेलकट होजवरून हात फिरवत होता. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. वाटलं, याला रोजची सवय आहे, आपण कशाला शहाणपणा शिकवा.

दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. बोलता बोलता म्हणाला, "आज होजची बारीक पिचकारी बोटाले लागली. मुंगी चावल्यासारखं झालं." मी फोटो मागवला. तर्जनीवर एक लाल ठिपका. रक्त नाही, फारसं दुखणंही नाही.

माझ्या पोटात गोळा आला. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून एवढ्या प्रेशरचं तेल कातडी भेदून आत जातं आणि स्नायुबंधांच्या कडेने पसरत जातं. वरून काहीच दिसत नाही, आतून बोट मरत असतं. मी म्हटलं, आत्ता निघ.

"एवढ्याशा टोच्यासाठी चंद्रपूरले कायले जाऊ? उद्या पाहू ना."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. मग मावशीला फोन केला, मग वर्कशॉपच्या मालकांना. भला माणूस, स्वतः बोलेरो काढली. आष्टी, गोंडपिपरी करत ते चंद्रपूरला पोचले तेव्हा बोट सुजून टणक झालं होतं. डॉक्टरांनी रात्रीच बोट उघडून साफ केलं. तेल तळव्यापर्यंत गेलं होतं. सकाळपर्यंत थांबला असता तर बोट वाचलं नसतं, असं म्हणाले.

बोट वाचलं. शेवटचं पेर अजून वाकत नाही, बहुतेक पूर्ण वाकणारही नाही. तो म्हणतो, "चालते गा, पाना तर धरता येते." मावशी मला आशीर्वाद देते. मला मात्र दिवाळीतली ती दुपार आठवते. ओ-रिंगचा इतिहास सांगायला माझ्याकडे अर्धा तास होता, "पुठ्ठा फिरव" म्हणायला दोन सेकंद नव्हते.

२०२५ मध्ये हेडरीहून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. खनिजाची पूड पाण्यात कालवून त्यातून पाठवतात. म्हणजे आमच्या भागात पंप, सांधे आणि प्रेशर वाढतच जाणार, आणि त्यावर काम करणारी पोरंही. बहुतेकांना कुणी सर भेटलेले नसतील.

म्हणून एक विनंती. तुमच्या ओळखीत कुणी जेसीबीवर, सर्व्हिसिंग सेंटरला, पेंट स्प्रेच्या कामावर असेल, तर आज फोन करा. गळती शोधायला हात नाही, पुठ्ठा. आणि टोचलंच, तर दुखत नसलं तरी लगेच मोठं हॉस्पिटल गाठायचं आणि तिथे "प्रेशरचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं.

भावाने वर्कशॉपच्या भिंतीला खिळा ठोकून पुठ्ठ्याचा तुकडा टांगलाय. काल त्याचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "दादाचं यंत्र".

असो. पुढच्या शनिवारी हलकंफुलकं काहीतरी, नक्की.