अनोळखी शेतातली शिकार

ओहायोत हरणाच्या शिकारीचा हंगाम सप्टेंबरात धनुष्यबाणाने सुरू होतो. जानेवारीच्या सुरुवातीला ठासणीच्या बंदुकीचे चार दिवस येतात, तोवर हरणं माणसाला पुरती ओळखून चुकलेली असतात. आम्ही नेमके तेव्हाच निघालो, कारण सुट्टी तेव्हाच जमली. आम्ही म्हणजे दोघे भाऊ आणि मेहुणे, मूळचे चिपळूणकडचे, आता कोलंबसला राहणारे. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. ठासणीची बंदूक आम्ही लहानपणी आजोबांच्या भिंतीवर टांगलेलीच पाहिली होती. इथे आधी शिकारीचा वर्ग करून परवाना काढला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यातून हरीण नाहीसं झालं होतं. पुन्हा आणून सोडली, जपली, आणि १९४३ साली शिकार परत सुरू झाली. आज सर्व ८८ काउंटींत हरणं आहेत आणि सोयाबीनचा फडशा पाडतात. त्यामुळे शेतकरी सहसा होकार देतो, पण तो लेखी घ्यावा लागतो.

होम्स काउंटीतले आमचे शेतकरी आमिश पंथाचे. मोटार नाही, दारात घोडागाडी. सही करताना त्यांनी एकच अट घातली: रविवारी बंदूक वाजता कामा नये. आम्ही लगेच मान्य केली.

शनिवारी नुसते फिरलो. अनोळखी जमीन पायाखालून गेल्याशिवाय बंदूक उचलू नये, हे वर्गात शिकवलं होतं. घर कुठे, गाई कुठे, रस्ता कुठे, सगळं पाहिलं. मक्याच्या धसकटांत बर्फ उकरून हरणांनी सांडलेले दाणे खाल्ले होते. ताज्या लेंड्या, रानाकडे जाणारी खुरांची वाट, सगळं सापडलं. त्या आनंदात एक गोष्ट राहिली. रानाच्या मधून जाणाऱ्या कुंपणापलीकडची जमीन कुणाची, हे आम्ही विचारलंच नाही.

सोमवारी दुपारपासून गवताच्या गाठोड्यांआड बसलो, वारा तोंडावर घेऊन. सूर्यास्तानंतर अर्धा तासच बंदूक चालवता येते, आणि मगरिबची वेळही तीच. दोघांनी तिथेच नमाज अदा केली, थोरले भाईजान पहाऱ्यावर राहिले. सलाम फिरवला तेवढ्यात रानाच्या कडेला एक मादी आली. भाईजाननी बिस्मिल्लाह म्हणून चाप ओढला. धूर विरला तेव्हा ती कुंपण ओलांडून गेली होती.

सुरी हातात होती. तार जेमतेम कमरेएवढी. पण जखमी जनावरामागेही परवानगीशिवाय दुसऱ्याच्या हद्दीत जाता येत नाही. शेतकरी कंदील घेऊन आमच्यासोबत शेजाऱ्याकडे चालत आले. त्या भल्या माणसाने दोन ओळी लिहून दिल्या, तरी पाऊण तास गेला. मादी कुंपणापासून साठेक पावलांवर पडली होती. थंड होत आलेली.

गोळीने मेलेल्या शिकारीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत. मेहुणे म्हणाले, "बिस्मिल्लाह म्हटलं होतं, मागही सोडला नाही. काही उलेमा हलालच म्हणतात." भाईजान म्हणाले, "जबह करता आलं तरच खायचं, हे घरून ठरवून निघालो होतो." थंडीत बराच वेळ हेच चाललं. शेवटी मेहुणेच गप्प झाले. रात्री कातडं काढून सगळं मांस शेतकऱ्यांच्या घरी दिलं. त्यांना नऊ मुलं. शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत करायची असते, ती केली.

अम्मीचा फोन आला, मसाला वाटून ठेवलाय म्हणून. तिला काय सांगायचं, यावरही गाडीत वाद झाला.

निघताना शेतकऱ्यांनी परवानगीच्या कागदामागे पेन्सिलीने चारही बाजूंच्या हद्दी काढून दिल्या, मालकांच्या नावांसह. तो कागद आता परवान्याबरोबर ठेवला आहे.