वाईच्या परसात चार दिवस

दिवाळीची गडबड संपली, फराळाचे डबे तळाला गेले, की मला वाईचे वेध लागतात. स्वारगेटहून एस.टी. पकडायची, खंबाटकीचा घाट ओलांडायचा आणि सुरूरच्या फाट्याला गाडी वळली की गार वारा अंगाला लागतोच. लोक वाईला ढोल्या गणपतीच्या दर्शनाला येतात, कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसतात, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा बघतात आणि पसरणीच्या घाटानं पाचगणी-महाबळेश्वरला जातात. मी जाते ती आईच्या परसात खुरपं धरायला!

यंदा मात्र मन जड होतं. आईला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय, गुडघे धरलेत. श्रावणात विहिरीकडच्या वाटेवर शेवाळावरून पाय घसरला. थोडक्यात निभावलं. तेव्हापासून दादाचं एकच म्हणणं : परसाला फरशी घालू, घराला कुलूप लावू, आईनं पुण्याला यावं. वहिनीही मनापासून बोलावते. निघताना दादानं फोनवर बजावलं होतं, "तुझं ऐकेल ती. तेवढं समजाव."

पहिला दिवस साफसफाईत गेला. पावसाळ्यात माजलेलं तण उपटलं, पाचोळा कोपऱ्यातल्या खड्ड्यात लोटला. त्यावर थोडं शेणकालवण आणि माती टाकली, की उन्हाळ्याच्या तोंडाशी खत तयार. आई खुर्ची टाकून उन्हात बसलेली. हात माझे, हुकूम तिचे!

दुसऱ्या दिवशी गुलाब. खरं तर छाटणी दसऱ्याच्या सुमारास व्हायची, पण यंदा करणार कोण? वाळक्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या आधी काढायच्या. मग बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून, त्याच्या जरा वर तिरपा काप द्यायचा. कापावर शेणाचा हात फिरवायचा, बुंध्याशी माती हलवून शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालायची. दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. "म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरचे गुलाब," आई म्हणाली. कुणाच्या घरचे, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

शेवंती कळ्यांनी लवली होती, तिला काटक्यांचा आधार दिला. तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या. त्या राहू दिल्या तर रोप बी धरतं आणि लवकर म्हातारं होतं. तोरणातले वाळलेले झेंडू चुरगाळून त्यांचं बी पुडीत बांधलं. मात्र बाजारच्या झेंडूचं बी तसंच फूल देईल याचा भरवसा नसतो, घरच्या देशी झेंडूचंच ठेवावं.

तिसऱ्या दिवशी वाफे केले. मेथी चार दिवसांत डोकं वर काढते, महिन्याभरात भाजीला येते. धने वहाणेनं हलके रगडून दोन फाकी करायचे, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. अख्खे टाकले तर वाट बघून डोळे शिणतात. एकदम सगळं बी टाकू नका. दहा-बारा दिवसांच्या अंतरानं पेरलंत तर ताजी भाजी मिळत राहते. पाणी सकाळी, ऊन आल्यावर. संध्याकाळी घातलं तर रात्रभर ओल राहते आणि रोग येतो. ज्यांना परस नाही त्यांनी गॅलरीत, उन्हाच्या जागी, खाली भोकं पाडलेल्या पसरट खोक्यात हेच करावं. मेथी-कोथिंबीर छान येते.

चौथ्या दिवशी निघायची तयारी, आणि दादाचा निरोप अजून माझ्या ओठांतच. आई आतून लसणाचा गड्डा घेऊन आली. "एवढ्या पाकळ्या टोचून जा गं. टोक वर, बोटभर अंतरावर."

मी एकेक पाकळी लावत होते आणि मनात हिशेब करत होते. लसूण काढायला चार-साडेचार महिने, म्हणजे फाल्गुन उजाडणार. न राहवून विचारलं, "आई, हा काढायला तू इथं असशील ना?"

"लावणारीनं काढायचा असतो," ती म्हणाली. "दादाचा फोन आला होता ना तुला? मला कळतं सगळं. होळी होऊ दे, मग बघू."

संध्याकाळी मी दादाला फोन लावला. म्हटलं, "फरशी घालायचीच तर विहिरीकडच्या वाटेला घाल. खडबडीत घाल आणि धरायला एक कठडा कर. बाकी माती राहू दे. आणि पाणी घालायला शेजारचा मुलगा यायला तयार आहे."

दादा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गवंड्याला विचारतो."

होळीनंतर काय, ते मलाही ठाऊक नाही. पिशवीत आईनं शेवंतीची एक मुनवी ओल्या फडक्यात बांधून दिलीय, ती मात्र आल्याबरोबर कुंडीत लावली.