काटा खरा हवा

सांगलीच्या गणपती पेठेतील त्या घराचा हळदीचा व्यापार तीन पिढ्यांचा. पूर्वी सारा व्यवहार पोत्यांचा असे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यानंतरच्या काळात या घरानेही पाकिटबंद हळद विकायला सुरुवात केली. पाकीट आले की लेबल आले, लेबल आले की रंग आणि अक्षर आले. थोरल्या सुनेने उपयोजित कलेचे शिक्षण घेतले होते. ते काम साहजिकच तिच्याकडे आले. पुढे शेजारच्या दोन-तीन दुकानांची लेबले आणि पत्रकेही ती करून देऊ लागली. माडीवरच्या खोलीत पेढीचा जुना, हिशेबासाठी घेतलेला संगणक होता. छायाचित्र असलेली फाइल उघडायला लावायची, खाली जाऊन चहा टाकायचा आणि वर येऊन पाहायचे, अशी त्याची गती.

दिवाळीच्या तोंडावर अर्ध्या किलोच्या पाकिटाची दहा हजार लेबले छापून आली, तेव्हा गठ्ठा उघडताच सारे गप्प झाले. हळदीचा पिवळा रंग उतरलाच नव्हता. लेबल नारिंगीकडे झुकलेले आणि काळवंडलेले होते. दुरून पाहणाऱ्याला मिरचीपूडच वाटावी. थोरला मुलगा एवढेच म्हणाला, "इतके शिकून रंग चुकतोच कसा?" सून काही बोलली नाही. गठ्ठे वखारीच्या कोपऱ्यात गेले. परंतु त्या दिवसापासून तिचा हात कचरू लागला. एकेक रंग ती तीनतीनदा बदलू लागली, आणि सोपे कामही छापखान्यात पाठवताना तिला धास्ती वाटू लागली.

वर्षभराने नवा संगणक घ्यायचे ठरले. एक लाखाची मर्यादा ठरली. धाकट्या दिराला या विषयाची आवड. त्याने दोन दिवसांत कोटेशन आणले. काचेची पेटी, आत रंगीबेरंगी दिवे, बाजारात नावाजलेले मोठे ग्राफिक्स कार्ड. जवळजवळ निम्मी रक्कम त्या एका कार्डाची होती. मॉनिटरच्या रकान्यात त्याने लिहिले होते : जुनाच चालेल.

अण्णांचे वय ऐंशीच्या घरात. संगणकातले त्यांना कळत नसे, पण कोटेशन वाचता येत असे. त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि सुनेला बोलावले.

"सूनबाई, यावर बसणार कोण?"

"मीच, अण्णा."

"मग हा कागद तू का लिहिला नाहीस? गिऱ्हाईक कोणते ते ठाऊक नसताना माल भरत नाहीत. तू काय काम करतेस ते आधी लिही. त्याला काय लागते ते मग पाहू."

सुनेने दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहून आणली. पहिल्या पानावर कामांची यादी होती : लेबले, पाकिटे, पत्रके, पत्रिका, मालाची छायाचित्रे, क्वचित एखादा फलक. चलच्चित्राचे काम नाही, त्रिमितीय आकृत्यांचे नाही. दुसऱ्या पानावर त्या कामांचा हिशेब होता.

लेबलाचे रेखाटन करणाऱ्या प्रोग्रॅमला प्रोसेसरमध्ये पुष्कळ कोअर असण्यापेक्षा एकेका कोअरचा वेग अधिक उपयोगी पडतो; म्हणून मधल्या श्रेणीचा, पण नव्या पिढीचा प्रोसेसर पुरे. छायाचित्राला जागा लागते. छपाईसाठी इंचाला तीनशे बिंदू धरले, तर ए-फोर आकाराच्या एका पानावर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. चार शाईंच्या हिशेबाने असा एक पूर्ण थर सुमारे ३५ एमबीचा, आणि एका चित्रात असे दहा-वीस थर सहज असतात. तेव्हा रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको. ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी आणि पुढे वाढवता यावी म्हणून दोन जागा मोकळ्या असलेला मदरबोर्ड निवडावा. जुनी फिरती हार्ड डिस्क केवळ साठवणीला ठेवावी. काम एसएसडीवर व्हावे. फाइल उघडताना जो चहा होत असे, तो त्यामुळे वाचेल. वीज जाते म्हणून यूपीएस हवा आणि पॉवर सप्लाय चांगल्या कंपनीचा हवा. तिथे वाचवलेले पैसे पुढे सारे यंत्र घेऊन जातात. मोठे ग्राफिक्स कार्ड तूर्त नको, प्रोसेसरमधलीच सोय या कामाला पुरते. उद्या चलच्चित्राचे काम आले, तर कार्ड बसवायला जागा आहेच.

शेवटच्या ओळीशी ती अडखळली. तिथे लिहिले होते : मॉनिटर नवा, आणि एकूण रकमेचा चौथा हिस्सा त्यासाठी.

"वहिनी, पडद्यावर एवढे पैसे?" दीर म्हणाला. "तो तर नुसता दाखवतो."

सून उठली, वखारीतून ते जुने लेबल घेऊन आली आणि माडीवर सर्वांसमोर तिने त्याची फाइल उघडली. पडद्यावर लेबल अगदी हळदीसारखे पिवळे दिसत होते. मग तिने रंगाचे आकडे दाखवले. पिवळी शाई १०० टक्के, मॅजेंटा ४५. "हळदीला मॅजेंटा वीस-पंचवीस पुरते," ती हळू आवाजात म्हणाली. "पण हा पडदा निळसर झाला आहे. खरा पिवळा यावर लिंबासारखा हिरवट दिसतो. म्हणून मी मॅजेंटा वाढवत गेले. पडद्याचा उजेडही फार आहे. त्यावर गडद रंगसुद्धा उजळ वाटतो. डोळ्यांना जे दिसले, तेच मी पाठवले."

दिराने खुर्ची मागे-पुढे केली, मान वरखाली केली. तेच लेबल वरून एका रंगाचे दिसत होते, खालून दुसऱ्याच. जुन्या स्वस्त पडद्यांचा हा दोषच असतो; आयपीएस जातीच्या पडद्यावर बाजूने पाहिले तरी रंग सहसा ढळत नाही. शिवाय पडदा रंग दाखवतो तो लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडातून, तर कागदावर रंग येतो तो सायन, मॅजेंटा, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. दोन्हींची भाषा मुळातच वेगळी. पडद्यावरचे काही भडक रंग शाईत उतरतच नाहीत. त्यात पडदाच खोटा बोलू लागला, तर कलाकाराला आधार उरत नाही.

अण्णांनी ते लेबल हातात घेतले, दाराशी जाऊन उजेडात धरले. सौद्याला हळद आली की हळकुंड मोडून त्याचा गाभा ते असाच दाराच्या उजेडात पाहत आले होते. दिव्याखाली पाहून त्यांनी कधी भाव सांगितला नव्हता. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग थोरल्या मुलाकडे वळून म्हणाले, "आपल्या काट्यावर सरकारी शिक्का नसला, तर आपण माल तोलत नाही. आणि हिला मात्र आपण खोट्या काट्यावर बसवले. वर वजन चुकले म्हणून बोलही हिलाच लावला."

थोरल्या मुलाने मान खाली घातली.

कोटेशन पुन्हा लिहिले गेले. २४ इंची आयपीएस पडदा ठरला. एसआरजीबी हा रंगांचा सर्वमान्य पल्ला जवळजवळ पूर्ण दाखवणारा. दिव्यांच्या पेटीविषयी सून हसून म्हणाली, "भाऊजी, पडद्याशेजारी लाल-निळे दिवे लुकलुकू लागले, तर माझे डोळे पुन्हा फसतील." दीरही हसला. त्याने साधी काळी पेटी निवडली आणि खोलीची गुलाबी भिंत फिक्या राखाडी रंगात रंगवून देण्याचे काम आपणहून घेतले.

एक प्रश्न उरला होता, तो अण्णांनीच विचारला. "हे चित्र काढायचे प्रोग्रॅम आहेत, त्यांची पावती कुठे आहे?" पावती नव्हती. जुन्या संगणकावर ते कोणीतरी सहज टाकून दिले होते. पेठेत पुष्कळ ठिकाणी असेच चालते, असे दीर म्हणाला. अण्णा एवढेच बोलले, "बिनपावतीचा माल या पेढीत येत नाही." मोठ्या कार्डाचे जे पैसे वाचले होते, ते परवान्यांकडे गेले. ज्याला परवाना परवडत नाही त्याच्यासाठी इंकस्केपसारखे विनामूल्य आणि रीतसर मिळणारे प्रोग्रॅमही आहेत, हे सुनेने त्या निमित्ताने शेजारच्या दुकानदारांनाही सांगितले. सारी खरेदी पेढीच्या नावे, पक्क्या बिलावर झाली. जीएसटीचे क्रेडिट मिळाले आणि आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, तोही हिशेबात आला. सचोटीने वागल्याने खर्च वाढेल ही थोरल्या मुलाची भीती बरीचशी तिथेच विरली.

नवा पडदा आला, त्या दिवशी छापखान्याकडून रंग जुळवण्याचे छोटे उपकरण मागून आणले गेले. ते पडद्याला टेकवून सुनेने रंग नीट बसवून घेतले आणि डोळे दिपवणारा उजेड कमी केला. मग अर्ध्या किलोचे लेबल नव्याने केले. या वेळी एकदम दहा हजार छापायला दिले नाहीत. आधी एकच नमुना काढून आणला.

तो नमुना पाहायला सारे घर दाराशी जमले. थोरल्या मुलाने एक हळकुंड आणले, मोडले आणि त्याचा गाभा लेबलाशेजारी धरला. सकाळच्या उजेडात दोन्ही पिवळे एकमेकांशेजारी शांतपणे बसले होते. तो काही क्षण पाहत राहिला, मग पत्नीकडे वळून सर्वांदेखत म्हणाला, "त्या दिवशी मी न तपासता बोललो. माझे चुकले."

तिने नमुन्यावर तारीख घातली, सही केली आणि तो छापखान्यात पाठवला. या वेळी तिचा हात कचरला नाही.