काळबादेवी ते पवई : एक अक्षरयात्रा

मुंबईस गेलेला पाहुणा समुद्र पाहतो, राणीची बाग पाहतो आणि पाय दुखूं लागले म्हणजे माघारा येतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्हीं तेथें चार दिवस काढले, ते मात्र अक्षरें पाहण्यांत. नागरी अक्षरांचीं दोन माहेरघरें त्या शहरांत आहेत. एक जुनें, एक आजचें.

ह्या यात्रेस निमित्त घरचेंच होतें. आमच्या तीर्थरूपांनीं स्वहस्तें लिहिलेली स्तोत्रांची वही आमच्या एकत्र कुटुंबांत एकच, आणि तिचीं पानें गळूं लागलेलीं. ती छापून प्रत्येक सुनेच्या व नातवंडाच्या हातीं द्यावी असें ठरलें. परंतु एका मुद्रकानें नमुन्याचें जें पान पाठविलें तें पाहून आम्ही थक्क झालों. 'पद्म', 'ब्रह्म', 'शुद्ध' ह्या शब्दांचे सांधे निखळलेले. अर्ध्या अक्षराचा पाय मोडलेला आणि पुढचें अक्षर परक्यासारखें शेजारीं उभें. आठ वर्षांच्या नातवानें 'पद्म' हा शब्द तीन अक्षरी म्हटला, आणि शार्दूलविक्रीडिताची चाल तेथेंच लंगडली. मुलाला काय बोल लावावा? त्यानें दिसलें तसें वाचलें.

पहिल्या दिवशीं मरीन लाइन्सला उतरलों आणि हातगाड्यांतून वाट काढीत काळबादेवीच्या कोलभाट गल्लींत शिरलों. अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळ्यांचें काम शिकलेल्या जावजी दादाजींनीं १८६९ सालीं 'निर्णयसागर' छापखाना काढला. त्याची ही गल्ली. राणोजी रावजी आरू यांनीं कोरलेल्या ठशांवरून तेथले खिळे पडत. संस्कृत शिकलेल्या माणसाला 'काव्यमाले'चें पान आजही डोळे मिटून आठवतें. त्या वैभवाची खूण गल्लींत आम्हांस कोठें दिसली नाहीं. एका दुकानदारानें मात्र आम्ही कापड घेण्यास आलों असें समजून आग्रहानें बसवून घेतलें.

निर्णयसागराचें काम किती बिकट होतें हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. 'प', 'त', 'न' ह्यांचा उभा दंड काढला कीं अर्धें अक्षर सहज मिळतें. 'ट', 'ठ', 'ड', 'ढ', 'द', 'ह' ह्यांना असा दंडच नाहीं. म्हणून पुढचें अक्षर त्यांच्या पोटांत किंवा पायाशीं घ्यावें लागतें, आणि अशा प्रत्येक जोडीला निराळा खिळा लागतो. शेकडो खिळे झाले! टंकलेखनयंत्राला तेवढी जागा कोठून असावयाची? मग लिपिसुधारक म्हणूं लागले, यंत्राला जमत नाहीं तर अक्षरच बदला. शाळेंत असतांना हे वाद आम्हीं पुष्कळ ऐकले. आमचें मन त्यांत कधीं रमलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं कांजूरमार्गला उतरून रिक्षानें पवईच्या आय. आय. टी. मध्यें गेलों. तेथें १९६९ सालीं निघालेली आय. डी. सी. ही आकृतिविद्येची शाळा आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या तेथें शिकते. तिनेंच आम्हांस हिंडविलें. संगणकावरील 'मंगल' हें घरोघर ठाऊक असलेलें वळण घडविणारे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) येथें शिकवीत असत. ह्या विद्येंत आधीं कागद व लेखणी, मग यंत्र, असा क्रम पाहून आम्हांस विशेष बरें वाटलें.

ह्याच संस्थेंत संस्कृत ग्रंथांसाठीं 'शोभिका' नांवाचें वळण सिद्ध झालें आहे. त्यांत १६०० हून अधिक नागरी आकृति असून त्यांपैकीं ११०० हून अधिक जोडाक्षरें आहेत. वैदिक स्वरचिन्हेंही आहेत, आणि तें कोणासही विनामूल्य मिळतें. आम्ही पडलों मास्तर. परीक्षा घेतल्यावांचून कसे राहणार? आम्हीं 'कार्त्स्न्य' हा शब्द सांगितला. त्यांत पांच व्यंजनें एकाला एक लागून येतात. मुलीनें कळा दाबल्या आणि पडद्यावर तो शब्द अखंड उमटला, रेफासह. मग 'ब्रह्म' आला. 'ह'च्या पोटांत 'म' जेथें हवा तेथें. यंत्रानें अक्षरापुढें मान लवविलेली आम्हीं प्रथमच पाहिली.

मुंबईच्याच 'एक टाइप' ह्या मंडळींचीं वळणेंही तिनें दाखविलीं. 'जैनी' हें १५०३ सालच्या कल्पसूत्राच्या हस्तलिखितावरून घेतलेलें. तें पाहतां पोथीचा वास यावा. 'मोदक' मात्र नांवाप्रमाणेंच गुबगुबीत! अक्षरांतली पोकळी केवळ रेघेएवढी उरलेली. स्तोत्राला तें चालावयाचें नाहीं, मुंजीच्या फलकाला शोभेल, असा अभिप्राय आम्हीं दिला. ती हंसून म्हणाली, "आजोबा, आम्ही अक्षर काढतांना आंतली पांढरी जागाच आधीं बघतो." चाळीस वर्षें फळ्यावर अक्षरें काढलीं, परंतु ही गोष्ट कोणी आम्हांस अशी सांगितली नव्हती. त्या रात्रीं उतरल्या घरीं आम्ही नातवाच्या चौरेघी वहींत 'ह' गिरवीत बसलों.

तीर्थरूपांची वही बरोबर होतीच. निघण्यापूर्वीं ती तिच्यापुढें ठेवली. शोभिकेंत छापलेलें पान बाजूला सारून ती वहीच पाहूं लागली. पानावर पातळ कागद धरून तिनें एक 'ह्म' उतरवून घेतला आणि विचारलें, "हा कोणत्या लेखणीनें काढलाय?"

"बोरूनें," आम्ही म्हणालों.

"तो तासतात कसा?"

बोरू जवळ नव्हता. आम्हीं तिच्याच पेन्सिलीवर, चाकू कोणत्या कोनांत धरावयाचा आणि टोंक किती तिरकें छाटावयाचें, तें दाखवावयास घेतलें.