नकलेची पुष्पिका

'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन्ही शब्द मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आले. पहिल्याच्या मुळाशी 'मूळ' हाच अर्थ आहे. दुसऱ्याच्या मुळाशी आहे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे. म्हणजे 'नक्कल' या शब्दात मुळात हीनतेची छटा नव्हती. कचेरीत दस्तऐवजाची नक्कल मागताना आजही ती नसते. 'प्रत' या आपल्या शब्दाचे तर आणखी गंमतीचे आहे. एखाद्या ग्रंथाची प्रत म्हणजे त्याची नक्कल, आणि 'वरच्या प्रतीचा तांदूळ' म्हणताना तोच शब्द गुणवत्ता सांगतो. असे असूनही साहित्याच्या अभ्यासात 'ही केवळ उशिराची नक्कल आहे' असे कोणी म्हटले, की विषय संपल्यासारखे वाटते. हे टिपण त्या 'केवळ'विषयी आहे, आणि त्याला निमित्त झाली एक तलवार.

एम.ए.च्या वर्गाला मी पाठचिकित्सा शिकवतो. हस्तलिखितांची छायाचित्रे दाखवून हा विषय समजावणे अवघड जाते. हातात धरता येईल, उलगडून पाहता येईल आणि बिघडली तरी हळहळ वाटणार नाही अशी एखादी 'प्रत' मला हवी होती. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळावर 'ब्रिटिशकालीन तलवार' अशा मथळ्याखाली ती दिसली. किंमत तीन हजार दोनशे रुपये. छायाचित्रात मुठीच्या टोकाला चक्क नट दिसत होता, त्यामुळे ती ब्रिटिशकालीन नाही हे उघड होते. मला हवी होती तशीच ती होती. विकणाऱ्या गृहस्थांनी दूरध्वनीवर एवढेच सांगितले, "आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षं भिंतीवर होती. त्याआधीचं ठाऊक नाही."

नमुना ओळखायला वेळ लागला नाही. रुंद, वक्र, एकाच बाजूने धार कल्पिलेले पाते. त्यावर एकच रुंद पन्हळ. टोकाकडे पाते किंचित अधिक रुंद. आणि मुठीला रिकिबीसारखे दिसणारे एकच लोखंडी कडे. ब्रिटिश हलक्या घोडदळाची ही १७९६ सालची तलवार. तिचा आराखडा जॉन गॅस्पर्ड ल मर्शांत या अधिकाऱ्याचा. १७९३-९४च्या फ्लँडर्स मोहिमेत ब्रिटिश स्वार चुकीच्या वारांनी स्वतःला आणि स्वतःच्याच घोड्यांना जखमी करतात, हे त्याने पाहिले होते. बर्मिंगहॅमच्या हेन्री ऑस्बर्न या तलवारकाराच्या साहाय्याने त्याने नवे पाते सिद्ध केले, त्याची कवायतही लिहिली, आणि १८१२ साली सालामांकाच्या लढाईत घोडदळाचे नेतृत्व करताना तो मारला गेला. या तलवारीची नक्कल प्रशियाने १८११ मध्ये आपल्या सैन्यासाठी केली, आणि ती तिकडे ब्ल्यूखर या सेनापतीच्या नावाने ओळखली जाऊ लागली. एका सैन्याने केलेल्या नकलेला इतिहासात स्वतंत्र नाव मिळते, हे इथे ध्यानात ठेवावे.

मूळ नमुना ठरला. आता प्रश्न प्रतीचा. वजन केले तर दीड किलोला थोडेच कमी भरले. मूळ तलवारी एक किलोच्या आतबाहेर असतात. याचे कारण पात्याच्या जाडीत आहे. मूळ पाते मुठीपाशी आठ-नऊ मिलिमीटर जाड असते आणि टोकाकडे जाता जाता दोन-तीन मिलिमीटरवर येते. पन्हळही वजन घटवण्यासाठीच असते. 'रक्त वाहून जायला' ती असते ही समजूत सर्वत्र आढळते, पण तिला आधार नाही. पाते हलके व्हावे आणि तरीही ताठ राहावे एवढाच तिचा हेतू. माझ्या तलवारीचे पाते मुठीपासून टोकापर्यंत सारख्याच जाडीचे, पाच मिलिमीटरचे होते. बाजारात मिळणाऱ्या पट्टीतून ते कापले होते. अक्षरांची वळणे हुबेहूब उतरवावीत आणि वृत्ताचा तोल मात्र ध्यानात येऊ नये, तशातला हा प्रकार. नक्कल करणाऱ्यासमोर चित्र होते. मूळ वस्तू हातात धरायला मिळाली असण्याचा संभव कमी.

पात्यावर मुठीजवळ रोमन लिपीत 'इंडिया' असा ठसा होता. देशात विकायच्या मालावर असा एकटा शब्द कोण कशाला उमटवील? अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे केले. तेव्हापासून जगभरच्या वस्तूंवर अशी नावे येऊ लागली. तेव्हा ही तलवार परदेशी गिऱ्हाइकासाठी घडवलेली असणार. अशा तलवारी भारतात मोठ्या संख्येने बनत आल्या आहेत. १९४३ साली स्थापन झालेला डेहराडूनचा विंडलास हा कारखाना त्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, आणि लहान कारखानेही पुष्कळ आहेत. माझ्या तलवारीवर कोणत्याही कारखान्याचे चिन्ह नाही. ती परदेशी जाऊन परत आली की बंदराआधीच मागे राहिली, हे ती सांगत नाही.

काळ ठरवण्यासाठी आधी म्यानाकडे पाहिले. म्यानाच्या तोंडाशी फुलीच्या खाचेचे दोन स्क्रू होते. हा स्क्रू फिलिप्स या अमेरिकन गृहस्थाने १९३०च्या दशकात प्रचारात आणला. पण विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगतो, एका शब्दावरून संहितेचा काळ ठरवू नये. तो प्रक्षेप असू शकतो. स्क्रूही कोणी मागाहून बदललेले असू शकतात. म्हणून तलवार घेऊन थोरल्या भावाकडे गेलो. दादाने पस्तीस वर्षे फिटर म्हणून काम केले आहे. त्याने मुठीचा नट सोडवला, आट्यांना गेज लावला आणि म्हणाला, "मेट्रिक आटे आहेत. दहाचा रॉड. वेल्डिंग करून जोडलाय बघ पात्याला." भारताने मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली केला आणि उद्योगांत ती मापे साठीच्या दशकात रुळत गेली. रॉड पात्याला जोडलेलाच असल्याने त्याला प्रक्षेप म्हणता येत नव्हते. विकणाऱ्यांचे 'वीस-पंचवीस वर्षं' दुसऱ्या टोकाला होतेच. विसाव्या शतकाचा उत्तरार्ध, एवढे निश्चित झाले.

इथे माझा पाठ संपायला हरकत नव्हती. इंग्रजी संग्राहकांच्या जगात तर तो याच्या कितीतरी आधी संपतो. तिथे 'भारतीय नक्कल' असा निर्णय झाला की पुढे कोणी काही विचारत नाही. ते दोन शब्द वस्तूचे वर्णनही असतात आणि तिची विल्हेवाटही. मला ते बोचते, हे लपवत नाही. पण बोचणे हा काही युक्तिवाद नव्हे.

युक्तिवाद दादाने हातात दिला. मूठ निघाल्यावर आतला भाग पुसताना त्याला पात्याच्या झाकल्या जाणाऱ्या अंगावर छिन्नीने ठोकलेले दोन आकडे दिसले. देवनागरीत, '४३'. मुठीच्या कड्याच्या आतल्या बाजूलाही तेच, '४३'. दादा म्हणाला, "ही जोडखूण. मशीनवर सगळं सारखं निघत असतं, तर कुठलीही मूठ कुठल्याही पात्याला बसली असती. इथं प्रत्येक खाच कानशीनं त्या त्या पात्यापुरती घासलीय. चकाकी द्यायला भाग सुटे झाले की अदलाबदल व्हायला नको, म्हणून नंबर."

म्हणजे बाहेर, दिसेल अशा जागी, जकातीसाठी परक्या लिपीतले देशाचे नाव; आणि आत, कोणी पाहणार नाही अशा जागी, कारागिरांनी एकमेकांसाठी आपल्या लिपीत केलेली खूण. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस लिपिकार पुष्पिका लिहितो. जसे पुढ्यात होते तसे उतरवले, दोष मला देऊ नये, असे सांगतो. पाठ-कंबर मोडून केलेल्या श्रमाचाही उल्लेख करतो. '४३' ही तशीच पुष्पिका आहे, असे म्हणण्याचा मोह मी आवरतो, कारण तीत कोणाचे नाव नाही. पण एक गोष्ट ती निःसंशय सांगते. ही नक्कल हातांनी केली, एकाहून अधिक हातांनी केली, आणि ते हात देवनागरी वाचत होते.

मराठी माणसाला यात परके वाटण्याजोगे काही नाही. आपण 'फिरंग' म्हणतो त्या तलवारीचे पाते युरोपातून यायचे आणि मूठ इकडे चढायची. नागपूरकर रघुजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी जी तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने सुमारे सत्तेचाळीस लाखांना घेतली, तिचे पातेही युरोपीय धाटणीचे आणि त्यावरचा सोन्याचा लेख देवनागरीत. तिला कोणी मिश्र म्हणून नाकारत नाही. माझ्या तलवारीत युद्ध नाही, राजा नाही, सोने तर नाहीच. पण तिकडचा घाट आणि इकडचा हात ही जोडणी दोन्हीकडे आहे. भेद आहे तो प्रतिष्ठेचा. आणि प्रतिष्ठा हे अभ्यासाचे साधन नव्हे.

हे सारे एका विद्यार्थिनीमुळे मला महत्त्वाचे वाटते. तिच्या आजोळी श्रीधरांच्या 'हरिविजया'ची एक हस्तलिखित पोथी आहे. छापील प्रती घरोघर झाल्यानंतरच्या काळातली. प्रबंधिकेसाठी ती घेऊन आली, तेव्हा एका ज्येष्ठ अभ्यासकांनी तिला सांगितले, की या नकलेतून श्रीधरांच्या संहितेबद्दल काहीही नवे हाती लागणार नाही. ते खरे आहे. पण छापील ग्रंथ बाजारात मिळत असताना कोणीतरी बसून तो हाताने का उतरवला, हा प्रश्न श्रीधरांच्या संहितेचा नाहीच. पोथीच्या अखेरच्या पानावरचे लिपिकाराचे नाव कसरीने खाल्ले आहे. गावाचे नाव आणि शक शाबूत आहे.

वर्गात आम्ही तलवारीचे नोंदपत्र तयार केले. नमुना, वजन, जाडी, आटे, ठसा, खूण. 'कर्ता' या रकान्यात काय लिहावे यावर बराच वाद झाला. कोणी ल मर्शांतचे नाव सुचवले, कोणी रकाना रिकामा ठेवावा म्हणाले. शेवटी त्या विद्यार्थिनीने लिहिले, 'नाव ज्ञात नाही. देवनागरी जोडखूण ४३.' तिच्या प्रबंधिकेचे पहिले प्रकरण आता त्या अखेरच्या पानावर आहे.